वन्सं आणि साऱ्या दिल्लीचे हात

साऱ्या दिल्लीचे हात घाण आहेत, असं माझ्या थोरल्या नणंदेचं ठाम मत आहे. त्यातून मंत्री सुटत नाहीत, गोलगप्पेवाला सुटत नाही, आणि मी, त्यांची सख्खी भावजय, तर मुळीच नाही. वन्सं बाळांच्या डॉक्टर. इथल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळातली नवजात बाळांची नर्सरी त्यांच्या ताब्यात आहे. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली, ओंजळीत मावतील एवढाली बाळं तिथे काचेच्या पेट्यांत निजलेली असतात. सगळा जन्म त्यांच्यात गेल्यामुळे मोठ्या माणसांशी बोलायची वन्संना सवयच राहिलेली नाही. मोठ्या माणसांवर त्या फक्त ओरडतात. रविवारी मुनिरकाहून आमच्याकडे गुरुग्रामला आल्या की मी त्यांना घ्यायला खाली जाते, पण वर दारात पोचल्यावर "कशी आहेस?" वगैरे काही नाही. "लिफ्टचं बटण दाबून आलीस ना? मग उभी काय राहिलीस?" की मी निमूट बेसिनकडे. अहो, घर माझं, बेसिन माझं! एका दिवाळीत लाडू वळता वळता मी मोबाइल उचलला, तर वन्संनी माझ्या हातातला लाडू काढून घेतला आणि सरळ आमच्या ह्यांच्या पुढ्यात ठेवला. "हा मोठा घोडा आहे, ह्याला काही होत नाही." सख्ख्या भावाबद्दल बोलत होत्या! आणि ह्यांनी तो खाल्लाही.

इस्पितळात तर त्यांचा दराराच वेगळा. नर्सरीत पाऊल टाकायचं तर कोपराखाली काही चालत नाही. घड्याळ नाही, अंगठी नाही, बांगडी नाही, मनगटावरचा लाल धागाही नाही. आता दिल्लीत मनगटाला कलावा नाही असा माणूस शोधून दाखवा! एक नवा डॉक्टर बिचारा काकुळतीला आला, "मॅडम, माताजी का है." वन्संनी कात्री पुढे केली. "माताजी को मैं समझा दूँगी. काट." एक सिस्टर हातमोजे चढवून एका बाळापासून दुसऱ्या बाळाकडे, तिथून फोनकडे, फोनवरून परत बाळाकडे अशी फिरत होती. तिला त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "ये दस्ताने बच्चे के लिए पहने हैं या अपने लिए?" पण त्यांचं खरं वैर भरलेल्या बाटलीशी. प्रत्येक पेटीला सॅनिटायझरची एक बाटली लटकवलेली असते. बाळाला हात लावायच्या आधी चोळायचं, लावून झाल्यावर पुन्हा चोळायचं. संध्याकाळी वन्सं एकेक बाटली हलवून बघायच्या. तळाला गेलेली दिसली की चेहरा खुलायचा, आणि भरलेली दिसली की त्या पेटीवरच्या माणसाची धडगत नसायची. अडचण एवढीच की लोक त्या असेपर्यंत चोळायचे आणि त्यांची पाठ वळली की विसरायचे. बोलणी खाऊन सुधारतो तो माणूस कसला!

गेल्या हिवाळ्यात माझ्या लेकीचे दिवस भरायला बराच अवकाश होता तोच ती बाळंत झाली. मुलगी. एवढीशी, की मला तिच्याकडे बघवेना. वन्सं म्हणाल्या, "माझ्याकडे आण. रडायचं ते बाहेर." आणि मला पहिल्याच दिवशी नर्सरीच्या दारात अडवलं. का, तर बांगड्या! लग्नापासून हातातून न निघालेल्या सोन्याच्या बांगड्या, आणि मनगट काही लग्नातलं राहिलं नव्हतं. मी म्हटलं, "वन्सं, आज्जी आहे हो मी तिची!" "जंतूंना नाती कळत नाहीत," त्या म्हणाल्या, आणि कोपऱ्यातल्या नळावर साबण लावून त्यांनी स्वतः त्या ओढून काढल्या. मी कळवळले, ओरडले, नाही नाही ते बोलले. त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मग आत नेऊन पेटीची खिडकी उघडून दिली आणि म्हणाल्या, "आता लाव हात." मी बोट लावलं. ऊबदार होती हो पोर.

आणि मग ती तपासणी आली. तिची आठवण झाली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सरकारी पथक येणार म्हणून इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी आदल्या दिवशी सगळ्या बाटल्या गळ्यापर्यंत भरून घेतल्या, बेसिन पुसून चकचकीत केलं, आणि हुकूम सोडला, "इन्स्पेक्शन होने तक कोई हाथ न लगाए." नेमक्या त्या सकाळी वन्संना दुसऱ्या इमारतीत मीटिंगला बोलावलेलं. झालं! सगळी सकाळ नर्सरीत कोणी बाटली दाबली नाही की नळ सोडला नाही. बाटल्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून! बाळांना मात्र हात लावतच होते. दूध पाजत होते, दुपटी बदलत होते, सुया टोचत होते. पथकाने भरलेल्या बाटल्या बघून वाहवा केली आणि मोठे साहेब बोटातली पुखराजची अंगठी मिरवत त्यांना चहाला घेऊन गेले. दुपारी वन्सं परतल्या आणि एक बाटली उचलली. दुसरी उचलली. मी दाराबाहेरच्या बाकावर होते. तिथपर्यंत त्यांचा आवाज आला. मोठे साहेब धावत आले, म्हणे, "मॅडम, पूरे नंबर मिले हैं!" "किस बात के?" वन्सं म्हणाल्या. "हाथ न धोने के?"

दोन दिवसांनी आमच्या नातीने दूध सोडलं. अंग ढिलं पडलं, रंग राखेसारखा झाला. रक्तात जंतू गेले होते. माझी लेक भिंतीला टेकून बसली ती उठेना, आणि मी मात्र दिसेल त्याच्यावर आग ओकत होते. साहेबांवर, सिस्टरांवर, देवावरसुद्धा. मेल्यांनो, बाटल्यांची आरास करायला ही काय दिवाळी होती? गप्प होत्या त्या एकट्या वन्सं. त्या ओरडत नाहीत म्हटल्यावर माझं धाबं दणाणलं. पोरीला औषध सुरू करून त्यांनी प्रयोगशाळेतून जंतू उगवून बघायच्या, खळीसारखा थर दिलेल्या काचेच्या बशा मागवल्या आणि नर्सरीत वावरणाऱ्या प्रत्येकाला हात धुऊन आपली बोटं त्यावर टेकवायला लावली. मोठ्या साहेबांनाही सोडलं नाही. दोन दिवस त्या बशा उबेत ठेवल्या. मग नावानिशी दारापाशी मांडल्या. बोटाबोटांच्या ठशांत पिवळे-पांढरे ठिपके उगवलेले. साहेबांच्या बशीत अंगठीचा आडवा पट्टा उमटलेला. पण सगळ्यांत पुढे, सगळ्यांत गच्च उगवलेली बशी होती ती वन्संची.

मी चक्रावले. जगाचे हात धुणारी बाई! तेव्हा प्रथम मी त्यांचे हात नीट पाहिले. इतक्या वर्षांचं धुणं आणि चोळणं, त्यात दिल्लीची कोरडी थंडी. बोटांना, सांध्यांना भेगाच भेगा, काही ओल्या. "भेगांत बसतात ते," त्या म्हणाल्या. "मग कितीही धुवा, निघत नाहीत." माझ्या तोंडून रागाने निघून गेलं, "म्हणजे तुमच्या हातून गेलं का हो तिला?" "सांगता येत नाही, सुलू. कोणाच्याही हातून गेलं असेल. माझ्याही." आणि त्या दिवसापासून त्यांनी एकाही बाळाला हात लावला नाही. पेटीपाशी उभ्या राहून सांगायच्या, दुसरे करायचे. गंमत बघा, एवढी वर्षं ओरडून जे झालं नव्हतं ते त्या एका बशीने झालं. मॅडमनी आपलीच बशी पुढे मांडली म्हटल्यावर कोणाला काही सांगावं लागेना. संध्याकाळी बाटल्या तळाला जाऊ लागल्या. मोठे साहेबसुद्धा पुखराज खिशात घालून यायला लागले.

पोर वाचली. घरी आली. वन्संच्या हातांना मलम लागलं, वर सुती मोजे चढले. त्वचेचे डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल, आणि वय बघता पूर्ण बरे होतील असं नाही. रविवारी त्या येतात, समोरच्या खुर्चीत बसतात आणि लांबूनच माझ्या लेकीला सूचना देतात. मान अशी धर, ढेकर काढ, टोपडं सैल कर. गेल्या रविवारी बोलता बोलता मध्येच थांबल्या. "वजन भरलंय का गं हिचं?" मी म्हटलं, "तुम्हीच सांगा की." "नुसतं बघून नाही कळत," त्या म्हणाल्या, इतक्या हळू की मला आधी त्यांचा आवाज ओळखू येईना.

मला असा संताप आला! कशाचा, कोणावर, ते विचारू नका. मी पोरीला उचललं, दुपट्यात गुंडाळलं आणि सरळ वन्संच्या मांडीवर ठेवलं. त्या केवढ्याने दचकल्या. दोन्ही हात झटकन वर घेतले आणि तसेच हवेत धरून बसल्या, पाठ ताठ, जराही न हलता. पोरीने जांभई दिली आणि ती झोपून गेली. बऱ्याच वेळाने वन्सं म्हणाल्या, "भरलंय गं. चांगलं भरलंय." हात अजून वरच होते, आणि डोळ्यांतून घळाघळा वाहत होतं. पुसणार कशाने? मी बेसिनवर जाऊन हात धुतले आणि परत येऊन पदराने त्यांचे डोळे पुसले.