गिटारच्या कुशीतलं छिद्र

ऑस्ट्रेलियातल्या टॅमवर्थमध्ये एकतीस वर्षं गिटारी दुरुस्त करणाऱ्या लोर्ना पेटिफरचा एक नियम होता: करवतीआधी आरसा. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आणि बारीक दिवा गिटारच्या तोंडातून आत घालायचा, सगळं नीट बघायचं, मगच लाकडाला हात लावायचा. पण जानेवारीच्या, ऐन उन्हाळ्यातल्या संगीत उत्सवात दाराशी गिटारींची रांग लागली होती, पत्र्याची शेड भट्टीसारखी तापली होती, आणि त्या शुक्रवारी सकाळी तिने आधी करवत उचलली.

गिटार क्लॅरी अंकलची होती. त्यांच्या भावाने स्वतःच्या हाताने घडवलेली. भाऊ जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्या दुपारी चार वाजता सभागृहात अंकल त्याचीच गाणी गाणार होते. तारांची थरथर टिपणाऱ्या आतल्या पिकअपची वायर कधीतरी तुटली होती, म्हणून लोर्नाने आवाज वाढवणारा नवा प्रीॲम्प सुचवला. तो बसवायला गिटारच्या कुशीला काडेपेटीएवढं छिद्र पाडावं लागतं. अंकल आठवडाभर नाही नाही म्हणत होते. शेवटी त्यांनी मान हलवली होती.

"पिकअप म्हणजे कान, प्रीॲम्प म्हणजे गळा," लोर्ना गिऱ्हाइकांना सांगायची. "भलत्या कानाला भलता गळा लावलात तर गिटार कण्हत बसेल."

अडीच वाजता ही गिटार कण्हतच होती. स्पीकरमधून येणारा आवाज क्षीण आणि खरखरीत होता, डब्यात कोंडलेल्या माशीसारखा. लोर्नाने प्रीॲम्पची बॅटरी बदलली, वायरी उलटसुलट करून पाहिल्या. फरक नाही. पिकअप मेला असेल तर उपटावा लागणार, आणि तो आतून असा चिकटवला होता की वरची पातळ फळी घेऊनच निघाला असता.

"अजून किती, पोरी?" दाराबाहेर दुधाच्या क्रेटवर बसलेल्या अंकलनी विचारलं. "माझी वेळ त्या मोठ्या टोपीवाल्याला देऊन टाकतील. त्याला तीनच सूर येतात, पण टोपी झकास आहे."

"गप्प बसा अंकल, नाहीतर तुम्हालाच आत चिकटवून टाकीन."

चपटी पटाशी फळी आणि पिकअपच्या मधे टेकवल्यावर तिचा हात थांबला. तिने पटाशी खाली ठेवली आणि आरसा शोधला.

आत, मानेजवळच्या लाकडावर, चिकटपट्टीचा एक चौकोन होता. त्याच्या बाजूला लाल वायरीचं टोक. इथे कधीतरी बॅटरी होती. तिने आरसा पिकअपकडे वळवला. त्याच्या पोटाला मसुराच्या डाळीएवढा फुगवटा होता: पिकअपमध्येच बसवलेला इवलासा प्रीॲम्प. म्हणजे या कानाला त्याचा गळा जन्मापासूनच होता. हवी होती फक्त बॅटरी. नव्या प्रीॲम्पची गरजच नव्हती.

छिद्राचीही नव्हती.

वीस मिनिटांत तिने बॅटरी जोडली आणि वायर थेट खालच्या सॉकेटला नेली. तार छेडताच शेड भरून गेली, जाड, गरम आवाजाने. बाहेर अंकल उठून उभे राहिले.

छिद्रावर प्रीॲम्पची काळी पाटी तशीच राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. लोर्नाने ती उचकटून काढली.

"अंकल, हे छिद्र उगाच पाडलं मी. तुमच्या भावाने सगळं आतच करून ठेवलं होतं. मी बघितलं नाही."

अंकलनी छिद्राच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"त्याने तुला दारातही उभं केलं नसतं," ते म्हणाले.

"ठाऊक आहे."

"सोमवारी ठिगळ लाव. त्याच झाडाची फळी घरी आहे. आणि मी शेजारी बसणार."

उघड्या छिद्रातून आवाज परत आत शिरला की मोठ्या स्पीकरसमोर गिटार किंचाळू शकते. लोर्नाने कागदी टेपच्या तीन पट्ट्या लावल्या. घामेजल्या बोटांनी त्या नीट चिकटेनात.

चार वाजता ती सभागृहात भिंतीला टेकून उभी होती. अंकलनी खर्जाची तार छेडली. टेपचं एक टोक सुटून थरथरू लागलं. गिटार किंचाळली नाही. दुसऱ्या कडव्यालाही नाही. लोकांच्या माना डोलू लागल्या. लोर्ना मात्र गाणं संपेपर्यंत त्या सुटलेल्या टोकाकडे बघत राहिली.