समुद्र नंतर आला

वनमाला वहिनींची जीप मी समुद्रात घातली, असं गेवराईत जे सांगतात ते साफ खोटं आहे. मी जीप वाळूवर उभी केली. समुद्र नंतर आला.

आता यात माझी चूक कितपत, ते ज्यानं त्यानं ठरवावं. आम्ही गोदाकाठची माणसं. वाळू आम्हाला कुणी शिकवायची? नदीच्या पात्रात कोरडी वाळू चाक गिळते आणि ओली वाळू चाक पेलते, हे आमच्याकडं पोरांना बाराखडीच्या आधी कळतं. शिवाय आमच्या नदीचं पाणी शिस्तीचं. वरच्या धरणातून सोडलं तर येतं. त्याआधी दवंडी होते, मोबाईलवर निरोप फिरतात, कोतवाल काठावर येऊन घसा फोडून जातो. पाणी कुणी न सोडता, आपलं आपण उठून चालत येतं, ही कल्पनाच आमच्या तालुक्यात नाही. त्यामुळं कोकणातल्या त्या एवढ्याशा गावात सकाळी जेव्हा मला मैलभर ओली, घट्ट, सिमेंटासारखी वाळू दिसली आणि समुद्र पार तिकडं आभाळाला टेकून लोळताना दिसला, तेव्हा मी जीप ऐटीत त्या वाळूवर नेली आणि वर हँडब्रेकसुद्धा ओढला. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं मला अजून ओळखत असतील.

जीप वहिनींची, म्हणजे नुसती नावावर नव्हे. चालवतातही त्याच. माझा वर्गमित्र शहादेव हा त्यांचा नवरा. दोघं लग्नानंतर वर्षानुवर्षं ऊसतोडीला जायचे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एका हंगामात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढताना शहादेवचा पाय सटकला आणि कंबर गेली ती गेलीच. दवाखाने झाले, देवऋषी झाले. मग वहिनी मुकादमाकडं गेल्या. मुकादम म्हणाला, "बाई, अर्धा कोयता घेऊन मी काय करू?"

वहिनी घरी आल्या, दारची म्हैस विकली, आणि कुणाच्या तरी गोठ्यात कोंबड्या बसत होत्या ती जुनी जीप घेतली. कोंबड्या उठवून तिच्यावरच गाडी शिकल्या. आज गेवराई ते नदीकाठची गावं अशी त्या प्रवाशांची शिटं भरतात. अंगात साडीवर तोच पुरुषी पूर्ण बाह्यांचा शर्ट, जो उसाच्या फडात पाचट टोचू नये म्हणून घालायच्या. बोलणं कमी. नवल तर या बाईला कशाचंच नाही. एकदा मागच्या बाकाखाली एका शेळीनं धावत्या गाडीत पिल्लू दिलं. गाडीभर कल्लोळ झाला. वहिनींनी आरशात बघितलं आणि शेळीवाल्याला म्हणाल्या, "एक शीट वाढलं."

तर अशा बाईचा हा प्रवास. आमच्या गल्लीतल्या राजनंदिनीला कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तरीण म्हणून नेमणूक मिळाली. तिचा पलंग, गॅसची टाकी, ज्वारीचं पोतं आणि लोणच्याच्या बरण्या पोचवायला वहिनींची जीप ठरली. हवापालट म्हणून शहादेव निघाला आणि त्याची कंबर धरायला म्हणून मी. रात्रभर वहिनींनी एकटीनं गाडी हाणली. सकाळी सामान उतरवलं. दिवस मोकळा. वहिनी राजनंदिनीच्या खोलीत जरा आडव्या होणार होत्या. त्यांनी चावी माझ्या हातात दिली, आणि चावी दिल्यावरही ती थोडा वेळ धरून ठेवली.

"भाऊजी, निस्ती सावलीला लावा. दुसरं काय करू नका."

सावली सापडेना. सुरूच्या झाडांखाली सगळी कोरडी वाळू, चाक गिळणारी. म्हणून मी पुढं गेलो. पुढचं वर आलंच आहे.

मग शहादेवनं आणि मी सुरूखाली भाकरी-ठेचा खाल्ला. वारा असा, की बीड जिल्ह्यात त्याला पैसे पडले असते. शहादेव म्हणाला, "बबन्या, हितं माणसं काम काऊन करत असतील बे?" एवढं बोलून तो झोपला. त्याला एकटं वाटू नये म्हणून मीही झोपलो.

जाग आली ती शहादेवच्या लाथेनं.

"बबन्या! गाडी कुठं लावलीस बे?"

"ती काय, तिथं."

"तिथं तर पानी हाय."

मी उठून बसलो. सकाळी आभाळाला टेकलेला समुद्र आता जिपेला टेकला होता. चाकं निम्मी बुडालेली. एक लाट आली, गाडीच्या पोटाखालून गेली, पलीकडून बाहेर आली आणि परत जाताना जीप थोडी तिरकी करून गेली.

"पाणी सोडलं वाटतं," मी म्हणालो. खरं सांगतो, त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही.

"कोन सोडल? हितं वर धरन हाय का कुठं?" शहादेव कंबर विसरून उभा राहिला होता. मग एकदम त्याचा आवाज खाली गेला. "वनमाला आली."

वहिनी सुरूंच्या मधून चालत येत होत्या. नुकतंच तोंड धुतलेलं, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. आम्हाला बघून नाही, जिपेला बघून थांबल्या. मला वाटलं, आता आरडाओरडा होईल. तसं काही झालं नाही. त्यांचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. शेळी व्याली तेव्हा ज्या डोळ्यांत एक रेघ हलली नव्हती, ते डोळे पांढरे झाले. दुरुस्त होणाऱ्या गोष्टीकडं माणूस असं बघत नाही.

जवळच एक म्हातारे कोळी काका जाळं विणत बसले होते. वहिनी त्यांच्याकडं वळल्या.

"कुनी सोडलं?"

"काय?"

"पानी. कुनी सोडलं?"

"सोडतंय कोण? भरती आहे ताई ही."

"काऊन आली?"

काकांना प्रश्नच कळेना. "रोज येते."

"रोज?"

"दिवसातून दोनदा."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. आमच्या गल्लीत नळाला पाणी दहाव्या-बाराव्या दिवशी येतं, आणि त्यासाठीही बायका पहाटेपासून हंडे मांडून बसतात. "दोनदा," त्या हळूच म्हणाल्या. शब्द खरा आहे का, ते दाताखाली चावून बघावं तसं.

काका मात्र जाळं टाकून उठले. "खारं पाणी इंजिनात शिरलं तर गाडी भंगारात घालावी लागेल. आधी बाहेर काढा."

भंगार हा शब्द ऐकल्यावर वहिनी हलल्या. साडी खोचली आणि थेट पाण्यात. आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात पाय घालणारी बाई, पण लाटेकडं बघितलंसुद्धा नाही. चाकाखाली हात घातला. लाटांनी वाळू ओढून नेऊन चाकं रुतवली होती.

"झावळ्या आना!" त्या ओरडल्या.

फडात भरलेला ट्रक चिखलात फसला की चाकाखाली उसाचं पाचट अंथरतात. त्यावरून चाक चढतं. वहिनींनी हे शंभरदा केलेलं. शहादेव आणि मी माडाखालच्या झावळ्या ओढत आणल्या, चाकाखाली दडपल्या. लाट आली, झावळ्या उचलल्या आणि छान तरंगत निघून गेल्या. आमच्या फडात पाचट तरंगत नाही, कारण तरंगायला लागतं तेवढं पाणी आमच्याकडं नाही. वहिनी जाणाऱ्या झावळ्यांकडं बघत राहिल्या. हा दुसरा घाव.

मग काकांनी शीळ घातली. होड्या ओढणारी माणसं जमली, जाड दोर आला, जिपेला बांधला. वहिनी आत बसून स्टिअरिंग धरून. आम्ही जीव खाऊन ओढायला लागलो. काका खेकसले, "थांबा हो! लाट मागे जाताना कुठं ओढताय? ती आत येईल तेव्हा तिच्याबरोबर ओढा!" लाट आली, "हैय्या!" झालं, जीप हातभर सरकली. पुन्हा लाट, पुन्हा हातभर. ज्या समुद्रानं गाडी धरली होती तोच आता मागून रेटत होता. वरच्या कोरड्या वाळूत जीप आली तेव्हा माझ्या तळहातांची सालं निघाली होती, आणि कुणीही त्याबद्दल विचारलं नाही.

"आता गोड्या पाण्यानं धुवा. लगेच, आणि भरपूर. मीठ खालून खातं," काका म्हणाले.

"गोडं पानी कुठनं आनायचं?" वहिनींनी विचारलं.

काकांनी सुरूच्या मागं बोट केलं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर विहीर होती. वहिनींनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि त्यांना खालीच बसावं लागलं. गोड होतं. हात बुडवला तर कोपरापर्यंत भिजावा इतकं वर.

"किती घेऊ?"

"घ्या की. विहीर काय संपतेय?"

घरी ही जीप ओल्या फडक्यानं पुसतात, आणि फडकं पिळलेलं पाणी दारच्या लिंबाच्या बुडाला घालतात. वहिनी बादली भरून आणायच्या आणि सवयीनं अर्धीच ओतायच्या. काका म्हणायचे, "ओता, ओता!" आणि त्या चोरी करत असल्यासारखं इकडंतिकडं बघून उरलेली ओतायच्या. शेवटी इंजिनाखालून, चाकांवरून, बाकांवरून पाणी धो धो वाहिलं, वाळूत जिरलं, आणि वहिनी म्हणाल्या, "इतकं तर आमी लेकीच्या लग्नाला बी वापरलं न्हाई."

ऊन कललं. वायरी पुसल्या, वाळवल्या. वहिनींनी चावी फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. शहादेव माझ्या शेजारी वाळूत बसला होता. तो जिपेकडं न बघता मला म्हणाला, "ही गेली ना बबन्या, तर आमाला मुकादम बी घेणार न्हाई. अर्धाच कोयता ऱ्हायलाय." त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"स्टार्टर भिजलाय. ढकलून बघा," काकांनी सांगितलं.

होडीवाल्यांनी जीप डांबरी रस्त्यावर आणून दिली. सगळ्यांनी ढकललं. इंजिन खोकललं, काळा धूर सोडला, दोन घरं पुढं जाऊन गप्प झालं. होडीवाले हसत आपल्या कामाला गेले. शहादेवची कंबर, ती तर ढकलायच्या कामाची नाहीच. मी धापा टाकत आत जाऊन वहिनींच्या शेजारच्या बाकावर बसलो. त्या समोर काचेतून बघत होत्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर, शर्टाच्या बाह्यांवर मिठाचे पांढरे डाग. दिवसभर मनात होतं ते मी शेवटी विचारलं.

"वहिनी, माझा लई राग आला असंल ना?"

"राग गेवराईला गेल्यावर; आत्ता खाली उतरा आन् ढकला."