चहा झाल्याबिगर खाली उतरायचं न्हाय

"झाकण उघडलं की आधी चहा. चहा झाल्याबिगर खाली उतरायचं न्हाय!" असं म्हणत अण्णा रस्त्याकडेला फतकल मारायचे, आणि आमचे मालक नुसते दातओठ खायचे.

टेलिफोन कंपनीतर्फे कारखान्यांना वेगवान लाइन जोडून देणं हे अण्णांचं काम. मी सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. परदेशातलं गिऱ्हाईक व्हिडिओवर नमुने बघतं, म्हणून मालकांनी खास लाइन घेतली. घरच्या इंटरनेटपेक्षा हिच्यात वेगळं काय, असं मी एकदा विचारलं.

"ताई, घरचं म्हंजे वडापची जीप. एकाच्या मांडीवर दुसरा. ही तुमची सोताची गाडी. एक्स्चेंजपास्नं तुमच्या दारापत्तोर दुसरं कुणी बसणार न्हाय."

ही केबल जमिनीखालून येते. वाटेत माणूस उतरेल एवढे खड्डे असतात, त्यांना चेंबर म्हणतात. गटाराचा विषारी वायू त्यांत साठतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून झाकण काढून आधी हवा खेळू द्यायची.

"कामाचा कंटाळा, दुसरं काय!" मी चिडवायची.

"व्हय की. कंटाळा केला म्हणून तर अजून हाय."

परवा दुपारी लाइन गेली. अण्णांनी गेटसमोरचं झाकण उघडलं आणि मला हाक मारली, "ताई, चहा सांगा की समद्यांना." मी कँटीनला फोन लावला. तेवढ्यात त्यांच्याबरोबरच्या मोहोळच्या नव्या मजुराच्या हातून पक्कड आत पडली. ती काढायला तो सरळ उतरला, आणि उतरल्याउतरल्या कोसळला.

अहो, ज्या माणसानं मालकांना थांबवलं, टेलिफोन कंपनीच्या साहेबांना थांबवलं, तो स्वतः क्षणभर थांबला नाही! "अण्णा, नका!" मी किंचाळले, तोवर ते आत होते. मला अजून खरं वाटत नाही. त्यांनी मजुराला खांद्यावर घेऊन वर रेटलं. ओरडा ऐकून धावत आलेल्या मालकांनी आणि मी त्याचे हात धरून त्याला ओढून काढलं. मग अण्णांसाठी मी पालथी पडून हात खाली घातला. हाताला हात लागला नाही.

मजूर वाचला. अण्णा नाही.

अग्निशामक दलाची गाडी अजून यायची होती. कँटीनच्या मावशी किटली घेऊन आल्या. त्यांना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

"अण्णा कुटं गेले?" असं विचारत त्यांनी पहिला कप अण्णांचाच भरला.