डॉक्टरीणबाईंच्या भेटीची साखर

सांगलीची सुवर्णपदकवाली भार्गवी रहिमतपूरजवळच्या ग्रामीण दवाखान्यात फॅमिली डॉक्टरकीचे धडे घेत होती. घरी जाऊन तपासली की मधुमेही राहीबाईंची साखर दर वेळी अडीचशे भरायची. गोळ्या दोनदा वाढवल्या, पथ्यावर व्याख्यानं झोडली. आता इन्सुलिनच, असं तिनं सांगताच राहीबाई रडवेल्या झाल्या.

तिला शिकवणारे अवधूत सर आज सोबत होते. "आजी, गोड खाता कधी?"

"कवाच न्हाई. ह्या बाई आल्या की तेवढा च्या. पावण्याला एकटं कसं पिऊ द्यायचं? मग त्या बोट टोचत्यात."

भार्गवीनं अर्धा कप खाली ठेवला आणि केसपेपरवर कारण म्हणून स्वतःचं नाव लिहिलं.

"उद्या सकाळी उपाशीपोटी तपासू, आजी."

"आन् तुमाला बिगर च्याचं धाडू व्हय?"

"टोचल्यावर पिऊ. दोघीही बिनसाखरेचा."