अपुऱ्या दिवसांचं लेकरू आणि छबुबाई

लिंबागणेशात छबुबाईला कुणी शहाणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. निजामाच्या अमलातली ही गोष्ट. छबुबाई मेंढपाळाची विधवा, तोंड अखंड चालू. माणूस भेटलं नाही तर ती म्हशीशी बोलायची, आणि म्हशीचं उत्तर मनाला लागलं तर रुसायचीसुद्धा. बायका तिला खुळी म्हणत, आणि तीही त्या नावाला बिनदिक्कत ओ देई.

अशा बाईला सुंदरराव पाटलांकडे बाळंतिणीच्या खोलीत शिरकाव मिळाला, तो गावच्या सुईणीने अंग काढून घेतलं म्हणून. पाटलांची सून वच्छलाबाई सातव्या महिन्यातच बाळंत झाली होती. पोर एवढंसं, ओंजळीत मावेल असं. ते गेलं तर आपलं नाव खराब होईल, म्हणून सुईण सरळ लेकीच्या गावी निघून गेली. छबुबाईकडे खराब व्हायला नावच नव्हतं.

सुंदररावांचा सरकारी कचेरीत राबता होता, त्यामुळे जगात कशाचाही बंदोबस्त करता येतो अशी त्यांची समजूत झाली होती. त्यांनी नातवाचाही केला.

"लेकरू अजून पुरं झालं न्हाई," ते म्हणाले. "म्हंजे ते पोटातच हाय असं समजायचं. पोटात दिवा असतो का? पोटात कुनी बोलतं का? मग हितंबी न्हाई."

झरोक्यांना घोंगड्या लागल्या. कापसात गुंडाळलेल्या पोराशी बोलायचं नाही, त्याला खेळवायचं नाही असा हुकूम सुटला.

पुढे दिवस भरले, बारसं झालं, धर्मराज नाव पडलं. पण घोंगड्या काही उतरल्या नाहीत. त्याच्याच बरोबरीने जन्मलेलं भावकीतलं पोर बसायला लागलं होतं आणि धर्मराजाची मान अजून डुगडुगत होती. आधी आलेल्याला तेवढा उशीर लागणारच, एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. पाटलांनी पोराचा पोटातला मुक्काम वाढवला आणि सुनेला बजावलं, "पुढच्या पाडव्यापत्तूर पोरगं शहाणं दिसलं न्हाई, तर गहिनीनाथाचं दुसरं लगीन लावनार."

गहिनीनाथ म्हणजे वच्छलाबाईचा नवरा. तो बापापुढे बोलत नसे, आणि बाप नसतानाही फारसं बोलत नसे. केजची एक मुलगी बघूनसुद्धा झाली होती. वच्छलाबाई अंधारात बसून रडायची, तेही आवाज न करता, कारण हुकूम तिलाही लागू होता.

छबुबाईला लेकराच्या अकलेतलं काही कळत नव्हतं. तिला नुसता कंटाळा आला होता. बोलायला बंदी म्हणजे तिला उपासच. मग तिने घोंगडीचं एक टोक वर खोचलं आणि येणाऱ्या उजेडात मुक्याने चाळे सुरू केले. तिने जीभ काढली. पोराने बराच वेळ विचार करून जीभ काढली. ते पाहून त्याला झटकाच आला असं वाटून वच्छलाबाईने ऊर धरला. शिरसाची वाळकी शेंग छबुबाई कानाशी हळूच खुळखुळवी, मग पदराखाली दडवून रिकामे हात दाखवी. आधी आधी पोर शेंग विसरून जाई. मग एक दिवस त्याने पदर ओढला. हसू दाबताना छबुबाईला ठसका लागला. पुढे पोर स्वतःच शेंग दुपट्याखाली दडवून तिच्या तोंडाकडे बघत बसू लागलं, आणि ती नुसत्या ओठांनी विचारी, "कुठं गेली रं?"

पाडव्याला ओसरीवर पारख मांडली. पाटलांच्या घरची रीतच होती ती: पोरापुढे तिजोरीची किल्ली, पोथी, विळा आणि मातीचं ढेकूळ ठेवायचं. ढेकूळ उचललं की पोर खुळं. शेतकऱ्याच्या घरात मातीला एवढा कमीपणा का, हे विचारायची सोय नव्हती. वच्छलाबाई दाराआड देवाचं नाव घेत उभी होती.

धर्मराजाने किल्ली उचलली, झटक्यात बुडाखालच्या घोंगडीखाली सारली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत वाट पाहू लागला. कुणीच काही विचारलं नाही.

सुंदररावांचे डोळे भरून आले. "किल्ली दडवली! पाटलाची अक्कल हाय ही. अंधाराचा गुन आला."

केजला नकार गेला. वच्छलाबाई वर्षभरात पहिल्यांदा मोकळा गळा काढून रडली. पारख बघायला आलेल्या पालीच्या अर्जुनरावांनी आपल्या गरोदर सुनेसाठी आताच घोंगड्या विणायला टाकल्या.

मग पाटलांनी छबुबाईला लुगडं दिलं आणि वाट दाखवली. "शहान्या पोराजवळ खुळं मानूस नगं. वारं लागतं."

"बराबर हाय मालक," छबुबाई अगदी मनापासून म्हणाली. "माज्यासंगं ऱ्हाऊन बिघडंल."

वच्छलाबाईला सगळं ठाऊक होतं. पण बोलावं तर हुकूम मोडल्याचं उघडं पडणार, आणि शहाणं ठरलेलं लेकरू संध्याकाळपर्यंत पुन्हा खुळं ठरणार. ती गप्प राहिली. त्याची लाज तिला जन्मभर पुरली.

धर्मराजाने छबुबाईचा पदर मुठीत घट्ट धरला होता. पाटलांनी स्वतः त्याचं एकेक बोट सोडवलं, आणि पोराच्या हातात केवढा जोर आहे ते जमलेल्यांना कौतुकाने सांगितलं.