दिगंबररावांना आयतं चालत नाही

वारज्याच्या एका सोसायटीत राहणाऱ्या दिगंबररावांना 'आयतं' या शब्दाची शिसारी होती. दुकानची भाजणी आयती, बाजारचा मसाला आयता, इडलीचं पिशवीतलं पीठ तर विचारूच नका. उभा जन्म सरकारी कचेरीत गेला, पण तिथली टाचणीसुद्धा कधी घरी आली नाही, हे ते पाहुण्यांना चहा यायच्या आधी सांगत. चहा अर्थात वासंतीबाई करत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी बुधवार पेठेतून पायथन ही संगणकाची भाषा शिकायचं जाडजूड पुस्तक आणलं. सुरुवातीची प्रकरणं झपाट्यात उरकली आणि स्टँडर्ड लायब्ररी आली. तारखा मोजणं, सरासरी काढणं, चिठ्ठी उचलणं असली नेहमीची कामं करणारा कोड जाणत्यांनी लिहून भाषेबरोबरच दिलेला असतो. आपण फक्त तो मागवायचा. दिगंबररावांचा पारा चढला. "दुसऱ्याचं वापरायचं, मग आपण शिकलो काय, डोंबल?" म्हणून त्यांनी त्या सगळ्या पानांना कपडे वाळत घालायचा चिमटा लावून टाकला. पहिल्याच महिन्यात पुस्तकाची खोड काढणारा विद्यार्थी पुण्यात काही दुर्मिळ नाही.

तेवढ्यात सोसायटीत छपराखालची एकुलती एक पार्किंगची जागा मोकळी झाली. बाकी गाड्या उंबराखाली, आणि उंबरावर वटवाघळं. जागा सगळ्यांनाच हवी होती आणि चिठ्ठ्या कोण बनवणार यावरूनच जुंपली होती. शेवटी दिगंबररावांनी सोडतीचा प्रोग्रॅम लिहायचं अंगावर घेतलं. माणूस सचोटीचा, त्यामुळे सगळे तयार झाले.

"अहो, पुस्तकात त्याचं तयार काही नाही का?" वासंतीबाईंनी पोळ्या लाटता लाटता विचारलं.

"आहे. पण ते आयतं."

त्यांनी स्वतःची रीत काढली. फ्लॅटच्या नंबराला आपल्या जन्मतारखेने गुणायचं, एका ठरलेल्या आकड्याने भागायचं, बाकी सर्वांत मोठी येईल तो विजेता. सोसायटीचे खरे नंबर घालून आधी पाहणं त्यांना अप्रामाणिकपणाचं वाटलं, म्हणून पाहिलं नाही. वा रे सचोटी.

रविवारी सगळ्यांसमोर बटण दाबलं. विजेते: दिगंबरराव.

मग समोरच्या फ्लॅटमधले रंगनाथ म्हणाले, "पुन्हा करून बघू या का?" पुन्हा केलं, तेच नाव. तिसऱ्यांदाही तेच. नंबर तेच, गुणाकार तोच, उत्तर बदलणार कुठून?

"यंत्र तुमच्यावर फारच प्रसन्न दिसतंय," रंगनाथ म्हणाले आणि खुर्ची उचलून निघाले. सोडत पुढच्या रविवारवर गेली.

घरी येऊन दिगंबरराव मटकन खाली बसले. "टाचणी आणली नाही गं मी कधी. आणि आज चोर ठरलो."

वासंतीबाईंना वाईट वाटलं, पण त्यांचा रागही आता बाहेर आला. "लग्न झाल्यापासून या ताटावर आयते बसता. तेव्हा नाही लाज वाटली. त्या बिचाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या दोन ओळी घ्यायला तेवढी वाटते. उद्या चहा तुम्ही करा. आयता नको ना?"

दुसऱ्या दिवशी दिगंबररावांनी साखर शोधताना मिठाचा डबा उघडला, गाळणी कुठे असते ते त्यांना कळेना, आणि शेवटी दूध उतू गेलं. वासंतीबाई बाहेर पेपर वाचत बसल्या. उठल्या नाहीत. ओटा पुसून झाल्यावर दिगंबररावांनी पुस्तकाचा चिमटा काढला.

पुढच्या रविवारी त्यांनी दोन ओळींचा प्रोग्रॅम पडद्यावर सगळ्यांना दाखवला. "यातलं माझं काही नाही," ते चाचरत म्हणाले. "कोणीतरी आधीच करून ठेवलंय. मी नुसतं वापरतोय."

जागा रंगनाथांना गेली. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "गेल्या रविवारी फार बोललो. मनावर घेऊ नका."

दिगंबरराव घरी आले तेव्हा पान वाढून तयार होतं.

"आयतंच आहे," वासंतीबाई म्हणाल्या. "चालेल ना?"

दिगंबरराव तसेच स्वयंपाकघरात गेले आणि बऱ्याच शोधाशोधीनंतर वासंतीबाईंसाठी दुसरं ताट घेऊन आले.