घाटावरचा चिनी मातीचा रणगाडा

ऐकताय ना, मग हातातला कप आधी खाली ठेवा. मी काय करून बसलो ते सांगतो.

माझा मोठा भाऊ, दादा, मागच्या महिन्यात गेला. अचानक. सात रस्त्याजवळ त्याचं पंखे दुरुस्तीचं दुकान. पण नाद काय, तर चिनी मातीच्या शोभेच्या वस्तू. त्याही कसल्या? पहिल्या महायुद्धाच्या वेळी विलायतेतले लोक गावोगावहून आठवण म्हणून घ्यायचे तसल्या. बोटभर जहाज, शिपायाची टोपी, मुठीत मावणारा पांढरा रणगाडा. प्रत्येकावर तिकडच्या कुठल्यातरी गावाचं रंगीत चिन्ह. मला मात्र तो हात लावू द्यायचा नाही. का, ते कळेलच.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. झाडावर कावळेच कावळे, पण खाली एक उतरेना. म्हणजे दादाचा जीव कशाततरी अडकलेला.

"सूनबाईला लेकीवानी सांभाळू," सांगोल्याचे काका वहिनीकडे हात करत, पिंडाकडे बघत म्हणाले. कावळे ढिम्म.

"दादा, मी तंबाखू सोडली," मी म्हणालो. एका कावळ्यानं चक्क मान फिरवली.

"लेका, हितं तरी खरं बोल की," काका म्हणाले.

मला एकदम वाटलं, जीव त्या रणगाड्यात असणार. त्याचा सगळ्यात लाडका तोच. कुणाला न विचारता गाडी काढली, घर गाठलं, शोकेस उघडली आणि रणगाडा घेऊन परत घाटावर. तो बघून वहिनीचा चेहराच उतरला.

"भावजी, तो खाली ठेवा. हळू ठेवा."

"थांबा वहिनी, वचन देतोय."

मी रणगाडा उंच धरला. "दादा, काळजी करू नको. तुझी एकबी वस्तू मी फुटू देणार न्हाय."

आणि दादाला हात जोडले. दोन्ही.

दगडावर खळ्ळकन आवाज झाला. माझे हात जोडलेले तसेच, पायाशी पांढऱ्या कपच्या. रडूसुद्धा येईना, इतका हादरलो.

तेवढ्यात फडफड झाली. एक कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

"शिवला की," काका पुटपुटले. "पण आत्ताच कसा काय?"

वहिनीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतेय. दादा गेल्यापासून पहिल्यांदा हसत होती ती.

"यावंच लागलं त्यांना," ती म्हणाली. "नाहीतर भावजी दुसरी वस्तू आणायला निघाले असते."

खरं सांगू? माझा हात गाडीच्या किल्लीकडे गेलाच होता.